पाळण्यातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव : वाचकांचे प्रश्न

नावाचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो का, असा प्रश्न आम्ही गेल्या अंकात वाचकांपुढे ठेवला होता. सर्वांत जास्त पत्रं बडोद्याहून आली. तिथल्या मराठी घरांत नाव मराठीत ठेवलं जातं, शाळेत गुजरातीत लिहिलं जातं आणि पासपोर्टवर इंग्रजीत जातं. त्यामुळे पत्रिकेइतकेच प्रश्न कागदपत्रांचेही निघाले. निवडक पत्रांना मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि नोंदणीच्या कामातल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नात झाली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, म्हणून अक्षर 'ण' आलं. यावरून नाव कुठून आणायचं? आणि पत्रिकेतलं अक्षर सोडलं तर तिच्या नशिबावर परिणाम होईल का? (एक आजी, दांडिया बाजार)

'ण'पाशी अडून राहू नका. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, म्हणून अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं आद्याक्षर सांगणाऱ्या कोष्टकात, १०८ अक्षरं बसवली आहेत. एवढी घरं भरताना त्यात तीन अशी अक्षरं आली की ज्यांनी नाव सुरूच होत नाही : आर्द्रेतलं ङ, उत्तराभाद्रपदेतलं ञ आणि हस्तातलं ण. जुन्या ज्योतिषकारांनीच त्यावर तोड काढून ठेवली आहे. ङ असेल तिथे ग, ञ असेल तिथे ज आणि ण असेल तिथे ड घ्यावा. 'ड'वरूनही मनाजोगं नाव सापडलं नाही, तर आपल्याकडची दुसरी रीत आहेच. पत्रिकेत जन्मनाव वेगळं राहतं आणि हाक मारायचं व्यवहारनाव वेगळं. बारशाला आत्याने कानात आधी जन्मनाव सांगावं, मग व्यवहारनाव. दाखल्यावर व्यवहारनाव लिहावं.

अक्षर बदलल्याने नशीब बदलतं याला कसलाही पुरावा नाही. नावाचा परिणाम होतो तो ते उच्चारणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि यादीत वाचणाऱ्या माणसांमार्फत. पारस्कर गृह्यसूत्रातले नामकरणाचे नियमसुद्धा उच्चाराचेच आहेत. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, ग, ज, द, ब अशा घोषवर्णाने सुरू व्हावं. मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं. म्हणजे विचार कानाचा केला होता, आणि आजही तोच करावा. सायमन लाहम आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सहज उच्चारता येणाऱ्या नावांच्या माणसांबद्दल लोकांचं मत जास्त अनुकूल निघालं.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. ठरवलेलं नाव गुजराती शेजारणीला फोनवर एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. तिने परत विचारलं किंवा वेगळंच लिहिलं, तर पुढे शाळेत, दवाखान्यात आणि बँकेत तेच होणार आहे. मग जिन्याखालून मोठ्याने हाक मारून बघा. सुरुवातीलाच जोडाक्षर किंवा ऋकार असलेली नावं (क्षिप्रा, ज्योत्स्ना, हृषीकेश) या दोन्ही परीक्षांत अडखळतात. तरीही तेच नाव मनात भरलं असेल तर जरूर ठेवा, फक्त स्पेलिंगची काळजी जास्त घ्या.

एक महत्त्वाचं. नाव ठरलं नाही म्हणून जन्माची नोंद थांबवू नका. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि ती नावाशिवाय होते. नावाचा रकाना मागाहून भरता येतो, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पुष्कळ घरांत पहिला दाखला 'बेबी' किंवा कोरा येतो आणि तसाच कपाटात राहतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार या सगळ्याला जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला हा एकच धरला जातो. त्यामुळे बारसं आटोपलं की त्याच महिन्यात महापालिकेत जाऊन नाव चढवून घ्या. घरी आणताना दाखल्यावरचं प्रत्येक अक्षर वाचा, गुजरातीतलं आणि इंग्रजीतलं दोन्ही.

प्रश्न : मुलीचं नाव पणजीवरून 'विमल' ठेवायचं आहे. इथले शेजारी म्हणतात, हे तर मुलाचं नाव. खरंच अडचण येईल का? (एक आई, कारेलीबाग)

शेजारी बरोबर सांगताहेत. मराठीत विमल, कमल, मंगल, निर्मल, सुमन ही आजीच्या पिढीतली बायकांची नावं. गुजरातीत विमलभाई, कमलभाई, निर्मलभाई सर्रास भेटतात, आणि सुमनभाईही आहेत. यादीत नुसतं 'विमल' वाचणारा गुजराती कारकून मुलगा समजून चालणार. बिचाऱ्याची त्यात काही चूक नाही.

याचा मनावर किती परिणाम होतो हे मुलांच्या बाबतीत तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या शाळांतल्या नोंदी घेऊन डेव्हिड फिग्लिओ यांना असं दिसलं, की मुलींची वाटणारी नावं असलेले मुलगे सहावीत गेल्यावर शिस्तीच्या तक्रारींत जास्त सापडू लागतात, आणि वर्गात त्याच नावाची मुलगी असेल तर अधिकच. म्हणजे नाव तेच, पण ज्या वयात चिडवाचिडवी सुरू होते त्या वयात ते टोचायला लागतं. मुलाचं नाव शीतल, मृणाल किंवा किरण ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मुख्य त्रास कागदावरचा आहे. लिंगाच्या रकान्यात चुकून 'पु' पडतं, रेल्वेचं तिकीट तसंच निघतं, बँकेच्या पत्रावर 'श्री' येतं. इलाज अगदी जवळ आहे : विमला. निर्मला, कमला, मंगला याच धर्तीवर. एका काना-मात्रेने पणजीची आठवणही राहते आणि कुठल्याही भाषेत मुलगी म्हणूनच वाचलं जातं. 'विमल'च हवं असेल तर शाळाप्रवेशाच्या आणि आधारच्या फॉर्मवर लिंगाचा रकाना आधी भरा, मग नाव, आणि पावती हातात आली की तिथल्या तिथे तपासा.

प्रश्न : मुलीचं नाव 'ज्ञानदा'. स्पेलिंग डी-एन-वाय, जी-एन की जी-वाय? शिवाय एका अंकशास्त्र्याने शेवटी आणखी एक 'ए' जोडायला सांगितलं आहे. (एक वडील, मांजलपूर)

ज्ञ महाराष्ट्रात 'द्न्य', गुजरातीत 'ग्न' आणि हिंदीत 'ग्य' असा उच्चारतात, म्हणून तीन स्पेलिंगं. कुठलंही चूक नाही. चूक होते ती तिन्ही वापरली गेल्यावर. बडोद्यात हे असं घडतं : घरच्यांनी आधारवर डी-एन-वाय लिहिलं, शाळेने स्वतःहून जी-एन लिहिलं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच आलं. जन्माच्या दाखल्यावर जे आधी छापलं गेलं असेल तेच सगळीकडे चालवा. अजून दाखल्यावर नाव चढलं नसेल, तर मुलगी जिथे शिकणार आणि राहणार आहे तिथल्या लोकांना वाचता येईल असं स्पेलिंग घ्या. बडोद्यात डी-एन-वाय वाचताना माणसं पहिल्याच अक्षराला थांबतात.

जोडायच्या 'ए'बद्दल. अंकशास्त्राच्या प्रचलित दोन पद्धतींत एकाच इंग्रजी अक्षराचे अंक वेगळे आहेत. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत 'एस'चा अंक १, तर खाल्डियन पद्धतीत ३. 'एफ'चा एकीकडे ६, दुसरीकडे ८. खाल्डियन पद्धतीत तर कुठल्याच अक्षराला ९ दिलेला नाही. म्हणजे एका अंकशास्त्र्याने 'शुभ' करून दिलेलं नाव दुसऱ्याच्या कोष्टकात अशुभ निघू शकतं. आणि हे सगळं इंग्रजी स्पेलिंगवर. तुमच्या मुलीला दिवसभर ज्या नावाने हाक पडणार आहे, त्या नावात तो जास्तीचा 'ए' ऐकूही येत नाही.

तोटा मात्र खरा आहे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी इथे खर्च होते. आधार आणि पॅन यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक पडला तर जोडणी अडू शकते. पदवी जुन्या स्पेलिंगची आणि पासपोर्ट नव्या स्पेलिंगचा झाला, की परदेशी विद्यापीठाला दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा 'ए' जोडू नका.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग 'सुरेशभाई' असं वडिलांचं नाव आहे. माझ्या आधारवर नुसतं 'सुरेश'. मुलाला पुढे अडचण येईल का? (एक पालक, वाघोडिया रोड)

येईल, आणि आत्ताच निस्तरण्यासारखी आहे. यात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत.

पहिला क्रमाचा. गुजरातेत आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. मराठीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ऑनलाइन फॉर्म भरणारा दाखला समोर धरून डावीकडून उजवीकडे टाइप करत जातो. मग आडनाव 'पहिलं नाव' होतं आणि वडिलांचं नाव 'आडनाव' होतं. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने असतात : एक दिलेल्या नावाचा, दुसरा आडनावाचा. मराठी पद्धतीने मुलाचं आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. हे उलट झालं की मुलगा परदेशात गेल्यावर विद्यापीठाचा ईमेल, ओळखपत्र, डिग्री, सगळीकडे वडिलांच्या नावाने ओळखला जातो. प्राध्यापक त्याला त्याच नावाने हाक मारतात. आडनावाचा रकाना कोरा सोडणं तर आणखी वाईट, कारण मग व्हिसावर नावाच्या जागी 'पहिलं नाव अज्ञात' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं छापून येतात.

दुसरा प्रश्न 'भाई'चा. भाई, बेन, कुमार, आणि आपल्या घरांतला राव हे बोलण्यातले आदराचे शब्द. नोंद करणारा ते सवयीने नावाला जोडतो आणि संगणकाला 'सुरेश' व 'सुरेशभाई' ही दोन माणसं दिसतात. वारसाहक्क, शिष्यवृत्ती आणि पासपोर्ट या तीन ठिकाणी हे हमखास अडतं.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. मुलाचा जन्मदाखला काढून त्यात तुमचं नाव कसं आहे ते बघा. तिथेही 'भाई' असेल तर सुरुवात तिथूनच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधक चूक दुरुस्त करू शकतात; मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते आणि नवा दाखला मिळतो. सोबत तुमचं आधार, पॅन आणि जमलं तर तुमचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. मग तो दुरुस्त दाखला घेऊन शाळेत लेखी अर्ज द्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद बदलली पाहिजे, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. मुख्याध्यापकांनी नुसतं हजेरीपत्रक बदललं तर काम झालेलं नाही. हे सगळं दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरका. एकदा बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव छापलं गेलं की प्रकरण शाळेच्या हातातून बोर्डाकडे जातं आणि फार लांबतं.

प्रश्न : माझं लग्न ठरलं आहे. सासरी लग्नात नाव बदलायची रीत आहे. मला माझं नाव आवडतं, पण 'नुसतं नावच तर बदलायचं' असं सगळे म्हणतात. (एक वाचक, रावपुरा)

'नुसतं नावच' हे म्हणणं चुकीचं आहे. साडेचार महिन्यांचं मूल दुसऱ्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाचा आवाज वेगळा ओळखतं, हे १९९५ साली मँडेल, युस्चिक आणि पिसोनी यांनी दाखवलं. त्याआधी १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी असा प्रयोग केला, की माणसाने एका कानात येणारं बोलणं मोठ्याने जसंच्या तसं म्हणत राहायचं आणि दुसऱ्या कानाकडे लक्षच द्यायचं नाही. दुसऱ्या कानात काय बोललं गेलं हे लोकांना सांगता येत नव्हतं, पण तिथे स्वतःचं नाव आलं की साधारण तिघांपैकी एकाला ते ऐकू येत होतं. पंचवीस वर्षं ज्या आवाजावर कान असे लागलेले असतात, तो एका संध्याकाळी बदलणं ही लहान गोष्ट नाही. पुष्कळ जणी सांगतात की नव्या नावाने हाक मारली तरी कित्येक महिने मान वळत नाही, आणि मग 'लक्ष नसतं' म्हणून बोलणी बसतात.

तुम्ही राहता तिथून चिमणाबाई टॉवर दिसतो. १८९६ सालचा हा टॉवर ज्या राणीच्या स्मरणार्थ उभा राहिला, ती तंजावरची लक्ष्मीबाई. १८८० साली बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव यांच्याशी लग्न झालं आणि ती चिमणाबाई झाली. तिच्या मृत्यूनंतर देवासची गजराबाई राणी म्हणून आली, तिचंही नाव चिमणाबाई ठेवलं गेलं. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या या दुसऱ्या चिमणाबाई. दोन वेगळ्या बायका, दोन वेगळी आयुष्यं, आणि आजही वाचणाऱ्याला 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' असं सांगावं लागतं. खुद्द महाराजही कवळाण्याचे गोपाळराव होते, १८७५ साली दत्तक आल्यावर सयाजीराव झाले. पण त्यांना नावाबरोबर राज्य मिळालं.

कायद्याने लग्नानंतर नाव बदलणं बंधनकारक नाही, आडनावही नाही. आणि या दोन्हींचा कागदोपत्री खटाटोप सारखा नाही. फक्त आडनाव बदलायचं तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. पहिलं नाव बदलायचं तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी असा पूर्ण फेरा करावा लागतो. यातलं काहीच न करता घरात एक नाव आणि कागदावर दुसरं अशी तडजोड बहुसंख्य घरं करतात. ती निभते, पण मुलांच्या दाखल्यावर आईचं कुठलं नाव जाणार हे आधीच ठरवा. तिथे तुमचं कागदावरचंच नाव गेलं पाहिजे. दवाखान्यात माहिती देताना सासरच्या माणसांच्या तोंडून घरातलं नाव जातं आणि आई एक, नावं दोन असा घोळ मुलाच्या वाट्याला येतो.

सासरच्यांना रीत हवी असेल तर ताटात तांदूळ पसरून अंगठीने तुमचं स्वतःचं नाव लिहायला सांगा. पुष्कळ घरांत आता तसंच होतं आणि विधी कुठे उणा राहत नाही. लग्नाच्या गडबडीत हे बोलू नका, याद्या होतानाच बोला.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात 'नकुशा' नावाची मुलगी आहे. कुटुंब कामासाठी इकडे आलं आहे. मुलं हसत नाहीत, कारण गुजराती मुलांना अर्थ कळत नाही. पण तिला कळतो. (महापालिका शाळेतील एक शिक्षिका)

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य खरं दुखणं सांगतं.

वाईट वाटणारी नावं दोन जातींची असतात आणि त्यांत गल्लत करू नये. धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी ही राखणीची नावं. आधीची मुलं दगावली म्हणून दृष्ट लागू नये, मृत्यूला हे मूल नकोसं वाटावं, यासाठी ठेवलेली. गुजरातीत कचराभाई, धुळाभाई याच विचारातून आले. त्यांच्यामागे जिवापाड माया आहे आणि पुष्कळ माणसं ती अभिमानाने मिरवतात. नकोशी किंवा नकुशा हे दुसऱ्या जातीचं. मुलींवर मुली झाल्या, आता नको, हे सांगायला ठेवलेलं. मध्य प्रदेशात माळव्याकडे 'अंतिमबाला' हेही त्याच घरातलं. मूल दिवसात जितक्या वेळा हाक ऐकतं तितक्या वेळा आपण नको होतो हे ऐकतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली प्रशासनाने अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली, आणि नवी नावं मुलींनी आपल्या पसंतीने घेतली.

तुमच्या हातात आज काय आहे? आधी तिला एकटीला विचारा की तुला काय म्हणून हाक मारू. वर्गासमोर विचारू नका. ती सांगेल ते नाव वर्गात वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. हजेरीपत्रकात मात्र जन्मदाखल्यावरचंच राहू द्या, तिथे परस्पर बदल केला तर पुढे तिचंच नुकसान होईल. मग आईवडिलांशी बोला, दोष न देता. बहुतेक वेळा नाव आजीने किंवा गावाने ठेवलेलं असतं आणि आईलाही ते बदललेलं हवं असतं.

नाव अल्पवयीन मुलीचं असल्याने अर्ज पालक करतात. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव, नवं नाव, पालकांचं नातं आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वाक्य हवं. जुनं नाव जन्मदाखल्यावर जसं आहे अगदी तसं उतरवा. दाखल्यावर 'नकुसा' असेल आणि प्रतिज्ञापत्रात 'नकुशा' लिहिलं तर राजपत्रात छापून येऊनही ते कामाला येत नाही. जाहिरातीची कात्रणं आणि राजपत्राचं पान यांच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. त्यानंतर आधार, आणि आधारवरून बाकी सगळं. दाखला कुठल्या गावी निघाला आहे ते आधी विचारा, कारण जन्मनोंदीसाठी अर्ज तिथल्याच निबंधकाकडे जातो आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबाला तो तेव्हाच करणं जमतं. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये जिग्या यादव प्रकरणात आपलं नाव स्वतः ठरवणं हा व्यक्तीच्या मूलभूत हक्कांचा भाग मानला आहे. कोणी 'असं बदलता येत नाही' म्हणालं तर हे सांगा.

प्रश्न : नोकरीसाठी अर्ज करतो, गुण चांगले आहेत, बोलावणं येत नाही. आडनावामुळे असेल का? (एक पदवीधर, फतेगंज)

तुमच्या एका अर्जाबद्दल कोणीच सांगू शकणार नाही, पण असं होतं हे मोजलं गेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी २००४ साली बॉस्टन व शिकागोत हेच केलं. गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले.

हा दोष वाचणाऱ्याचा आहे. नाव बदलून तो जात नाही, आणि शाळेच्या दाखल्यापासून सगळं बदलावं लागतं ते वेगळंच. तुम्हाला करता येण्याजोगं एवढंच, की नाव आधी न वाचणाऱ्या वाटा जास्त धरा : लेखी परीक्षा असलेली भरती, कामाचा नमुना मागणाऱ्या जागा, ओळखीच्या माणसामार्फत थेट विभागप्रमुखापर्यंत पोहोचणं. आमचे काही वाचक स्वतः माणसं निवडतात. त्यांना आग्रहाची विनंती आहे : पहिल्या चाळणीत नाव, आडनाव, पत्ता आणि फोटो झाकून नुसता क्रमांक ठेवा. कार्यालयातला एक सहायक हे तासाभरात करू शकतो.

प्रश्न : नावाचा अर्थ माणसात उतरतो का? आणि 'अ'वरून नाव ठेवलं तर मूल यादीत पुढे राहतं, हे खरं का? (एक वाचक, सयाजीगंज)

अर्थ नाही, पण नाव चेहऱ्यात थोडंसं उतरतं असं दिसतं, तेही सावकाश. २०१७ साली योनात झ्वेबनर आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चेहरे आणि त्यांखाली चार-चार नावं दाखवून खरं नाव ओळखायला सांगितलं. नुसत्या अंदाजाने चारात एकदा बरोबर यायला हवं, त्याहून जास्त वेळा बरोबर आलं. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात कळलं की हे फक्त प्रौढ चेहऱ्यांबाबत होतं. लहान मुलांचे चेहरे नावाशी जुळत नाहीत. म्हणजे नाव ऐकून लोक जी अपेक्षा धरतात तिच्याकडे माणूस वर्षानुवर्षं झुकत जातो. राहता राहिला नावावरून धंदा निवडला जातो हा दावा. २००२ साली तो गाजला होता, पण उरी सायमनसोन यांनी २०११ मध्ये आकडे पुन्हा तपासून त्यातला बराच भाग पिढीपिढीतल्या नावांच्या फॅशनचा असल्याचं दाखवलं.

यादीतल्या जागेचा फायदा खरा आहे. २००६ साली आयनाव आणि यारीव यांना दिसलं की अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्र विभागांत आडनाव वर्णक्रमात आधी असलेल्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त होती, कारण त्या विषयात शोधनिबंधावर लेखकांची नावं वर्णक्रमाने छापतात. मानसशास्त्रात ती रीत नाही, तिथे फायदाही दिसला नाही. पण इथे सगळा हिशेब आडनावाचा आहे, आणि गुजरातेतल्या शाळेतही पट बहुधा आडनावानेच लागतो. तेव्हा 'वाघ' किंवा 'शिंदे' आडनावाच्या मुलाचं नाव 'अथर्व' ठेवलं तरी हजेरीत त्याचा क्रमांक शेवटीच येणार. शिक्षकांनी तोंडी परीक्षा एकदा वरून आणि पुढच्या वेळी खालून सुरू केली, तर ही अडचण त्याच वर्षी संपते.